थेम्सवर कनू नेताना काठावरच्या गळवाल्यांशी कसं वागायचं?

गोदाकाठची | २९ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. रेडिंगला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. थेम्स घरापासून चालत वीस मिनिटांवर, पण तिच्याशी आमचा संबंध काठाने फिरण्यापुरताच होता. मी नाशिकची. गंगेवर (म्हणजे आमच्या गोदावरीवर) पोहायला शिकले, त्यामुळे नदी दिसते आणि पाण्यात उतरता येत नाही याची हुरहूर कायम असायची. या उन्हाळ्यात मनावर घेतलं आणि हवा भरायची, तिघांना बसता येईल अशी कनू घेतली. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कयाकला दोन पात्यांचं वल्हं असतं, कनूला एका पात्याचं. आमची कनू आहे.)

पहिल्या दोन फेऱ्या छान झाल्या. गेल्या रविवारी मी, नवरा आणि अकरा वर्षांचा लेक असे तिघं केनेट नदी थेम्सला मिळते तिथून सॉनिंगकडे निघालो. नदीत उजव्या बाजूने चालायचं हा नियम वाचला होता. मोटारबोटी मोठ्या लाटा उठवतात म्हणून आम्ही उजव्या काठाला अगदी चिकटून चाललो होतो. एका विलोच्या फांद्यांआड एक गृहस्थ गळ टाकून बसले होते. ते दिसले तेव्हा मध्ये जेमतेम दोन कनूंचं अंतर उरलं होतं. त्यांचा दोरा लेकाच्या वल्ह्याला अडकला. ते उठून ओरडायला लागले. मी घाबरून वल्हं हिसकलं, गुंता आणखी वाढला, शेवटी त्यांनी कात्रीने दोरा कापला. आम्ही प्रवाहाबरोबर पुढे निघून गेलो. मी सॉरी म्हटलं, ते त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही कळलं नाही.

लेक परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही. रात्री अंथरुणात विचारतो, "आई, चूक आपली होती का त्यांची?" मला उत्तर देता आलं नाही. आपल्या रंगाकडे बघून तर ओरडले नसतील ना, असंही मनात येऊन गेलं, तेही मोकळेपणाने लिहिते.

इथे कोणी नियमित वल्हवणारे किंवा गळ टाकणारे आहेत का? नियम काय, रीत काय, दोन्ही सांगा. नदी सोडायची नाहीये.

---

वल्हंकरी | २९ जून, रात्री १०.२५

ताई, आधी नदीवर उतरल्याबद्दल अभिनंदन. मी पुण्याच्या सीओईपीचा. आमच्या कॉलेजचा बोट क्लब १९२८ पासूनचा. मुळेच्या पाण्यात कयाक बॅले आणि पंट फॉर्मेशनची तालीम करत आमची चार वर्षं गेली. आता इकडे अठरा वर्षं वल्हवतोय, त्या बळावर लिहितो.

तुम्ही नियम मोडला नाहीत. सगळा पेच त्या नियमातच आहे. रेडिंगहून सॉनिंगकडे जाताना नदी पूर्वेला वाहते, म्हणजे तुमचा उजवा काठ दक्षिणेचा. पायवाट, म्हणजे टोपाथ, त्याच काठाने जाते. गळवाले सामान घेऊन चालत येतात, म्हणून तेही तिथेच बसतात. उजवीकडून चालणारा नवखा माणूस सरळ त्यांच्या दोऱ्यांत शिरतो. प्रवाहाविरुद्ध येतानाही तेच. काठाजवळ ओढ कमी असते म्हणून आपण काठ धरतो, आणि मासेही त्याच संथ पाण्यात असतात.

उपाय एकच, नजर लांब ठेवायची. पुढे बसलेल्याने शंभर मीटरवर काठावर हिरवी छत्री, खुर्ची, पाण्यावर आलेली काठी दिसते का ते बघत राहायचं. दिसली की मागचे-पुढचे बोटवाले बघून वेळेत मध्याकडे सरकायचं, त्यांना ओलांडून परत उजवीकडे यायचं. अगदी समोर आल्यावर वळू नका. हवेची कनू वाऱ्यावर भरकटते, ऐनवेळी वळत नाही.

आणखी काही गोष्टी, विचारल्या नसल्या तरी सांगतो.

थेम्सवर कनूला परवाना लागतो. पॅडल युके (पूर्वीचं नाव ब्रिटिश कनूइंग) या संघटनेचं सभासदत्व घेतलं तर तो त्यातच येतो, शिवाय आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमाही मिळतो.

निघण्यापूर्वी एन्व्हायरन्मेंट एजन्सीच्या (नद्या सांभाळणाऱ्या सरकारी खात्याच्या) साइटवर थेम्सच्या पाट्या बघा. पिवळी पाटी म्हणजे ओढ वाढतेय किंवा उतरतेय. लाल पाटी म्हणजे जोराची ओढ. दोन्हींपैकी कुठलीही असली तर त्या दिवशी वल्ह्याची बोट पाण्यात घालायची नाही.

लॉक (बोटी वरखाली करायचा दरवाज्यांचा हौद) आलं की नदी फाटते. एक फाटा लॉकला, दुसरा बंधाऱ्याला. बंधाऱ्याच्या फाट्याकडे गंमत म्हणूनही जायचं नाही. बंधाऱ्याखालचं पाणी उलटं फिरतं आणि माणसाला परत परत भिंतीकडे ओढून नेतं.

तिघांच्याही अंगात बॉयन्सी एड (तरंगत ठेवणारं जाकीट) हवं. नावेत ठेवलेलं उपयोगाचं नाही.

---

निवांत_गळ | ३० जून, सकाळी ६.५०

मी दुसऱ्या बाजूचा. सांगलीचा, कृष्णेच्या काठी वडिलांबरोबर वांब आणि शिंगाळा धरत वाढलो. गेली बावीस वर्षं न्यूबरीजवळ केनेटवर गळ टाकतो. ताईंची पोस्ट रात्री वाचली आणि झोप लागली नाही, कारण असा ओरडणारा माणूस मीही होऊन चुकलोय.

त्या दिवशी पाण्याखाली काय चाललं होतं ते सांगतो. वरून बघणाऱ्याला काठी आणि खुर्ची दिसते. पण तो माणूस बहुधा पहाटे पाचला आलेला असतो. दोऱ्याच्या टोकाला छोटी जाळीदार डबी, आम्ही तिला फीडर म्हणतो. तिच्यात चारा दाबून भरायचा आणि नदीत एकाच ठिकाणी, दर पाच-दहा मिनिटांनी, पुन्हा पुन्हा टाकायचा. तासाभराने तळाशी चाऱ्याचा सडा पडतो. मग मासे लांबून वास काढत खालच्या अंगाने वर येतात. आधी लहान रोच, मागून चब, आणि नशीब असेल तर बार्बेल. बार्बेल म्हणजे आपल्या महसीरचा लांबचा चुलत भाऊ, मिशाळ, ताकदीचा. तो आला आहे याची खूण म्हणजे काठीच्या टोकाला आलेला बारीकसा झटका. नेमक्या त्या वेळी वरून सावली गेली किंवा वल्ह्याचा दांडा नावेच्या काठावर आपटला, तर सगळे पांगतात. चारा जागेवर, मासे गायब. पुन्हा यायला अर्धा तास लागतो, कधी येतच नाहीत.

वल्ह्याचा आवाज मात्र लक्षात ठेवा. पाण्यात वल्हं फिरण्याचा त्रास फारसा नाही. नावेच्या कडेला लाकूड किंवा धातू ठक्कन लागतो तो आवाज पाण्यातून फार लांब जातो.

आता दोरा. गळ समोर लांब टाकलेला असेल तर दोरा काठीच्या टोकापासून तिरका खाली उतरतो. काठाजवळ तो पाण्याच्या वरच असतो, मध्यावर खोल. म्हणून काठाला चिकटून जाणं सगळ्यात वाईट, बाहेरून जाणं बरं. पण फ्लोट (दोऱ्यावरची तरंगती कांडी) लावून काठाशीच गरवणारा असेल, तर त्याच्या समोरची पट्टी पूर्ण सोडायची. आणि लांब पोल घेऊन बसलेला असेल तर आणखी वेगळं. तो पोल अकरा मीटर किंवा त्याहूनही लांब असतो आणि पाण्यावर आडवा धरलेला असतो. त्याला पोल मागे ओढून घ्यायला वेळ द्यावाच लागतो.

हे सगळं लांबून ओळखता येणार नाही. म्हणून वीस-तीस मीटरवर थांबा, हात वर करा आणि विचारा, कुठल्या बाजूने जाऊ? नव्वद टक्के लोक हाताने दाखवतील. काही जण काठीचं टोक पाण्यात बुडवतील. त्याचा अर्थ, मी दोरा तळाला नेलाय, तुम्ही वरून जा. ही खूण ओळखायला शिका आणि हात करून आभार माना. मग वल्हं न मारता तरंगत जा.

दोरा अडकलाच तर हिसका द्यायचा नाही. वल्हवणं थांबवायचं, दोरा सैल पडेल असं काठाकडे सरकायचं. टोकाला गरी असते, मुलाच्या बोटात किंवा तुमच्या कनूच्या रबरात घुसेल. तो मनुष्य ओरडला त्यात ही भीतीही असू शकते.

रंगाचं म्हणाल तर असे लोक नाहीत असं मी म्हणणार नाही, दोनदा भेटलेत. पण ओरडणाऱ्या शंभरांतले बहुतेक त्या मोडलेल्या तासाभरासाठी ओरडतात. गोऱ्या कनूवाल्यांवरही तितकंच ओरडतात, मी ऐकलंय. लेकाला सांगा, चूक दोघांची थोडी थोडी. लपून बसणाऱ्यानेही येणाऱ्याला आधी हाक द्यायला हवी.

---

स्पष्टवक्ता | ३० जून, दुपारी १२.१५

मला हे पटत नाही. नदी सगळ्यांची आहे. वाहत्या पाण्यावर कोणाची मालकी नाही. आपण हात वर करून परवानगी मागत जायचं आणि त्यांनी काठावर बसून ठरवायचं की कोण कुठून जाईल? मी गेल्या वर्षी एका छोट्या नदीवर कयाक घेऊन गेलो होतो. तिथे काठावरून एकाने फोटो काढले आणि पोलिसांना बोलावतो म्हणाला. त्या दिवसापासून मी कोणाला विचारत नाही.

---

वल्हंकरी | ३० जून, दुपारी १.०५

स्पष्टवक्ता, तुमचा राग समजतो. पण थेम्स आणि तुमची ती छोटी नदी, दोन्हींचा कायदा वेगळा आहे आणि तो माहीत असलेला बरा.

इंग्लंडमध्ये भरती-ओहोटी जिथे पोचत नाही तिथे नदीचा तळ काठाच्या जमीनदाराचा असतो, दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत. पाणी त्याचं नसतं, पण मासे धरण्याचा हक्क त्याचा, आणि तो क्लबला भाड्याने देतो. अशा नदीवर नाव घालण्याचा हक्क आहे की नाही, यावर इथे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. पॅडल युकेच्या म्हणण्याप्रमाणे निर्विवाद हक्क असलेल्या नद्या फक्त ४ टक्के आहेत. तुम्हाला अडवणारा माणूस त्या उरलेल्या ९६ टक्क्यांतल्या एका नदीच्या काठी उभा होता.

थेम्स त्या ४ टक्क्यांत आहे. १८८५ च्या थेम्स प्रिझर्व्हेशन ॲक्टने क्रिकलेडपासून टेडिंग्टनपर्यंत, कामासाठी असो वा मौजेसाठी, सगळ्यांना नावेतून फिरण्याचा हक्क दिला. तेव्हा ताईंना तिथून कोणी हाकलू शकत नाही.

आणि हा झगडा किती जुना आहे बघा. १२१५ च्या मॅग्ना कार्टात एक कलमच आहे की थेम्स, मेडवे आणि साऱ्या इंग्लंडातल्या नद्यांतून मासे धरायचे बांध काढून टाकावेत. ते बांध नावांची वाट अडवत होते. राजाच्या मनमानीविरुद्धच्या त्या सनदेत नावाडी आणि मासेवाल्यांचं भांडण येऊन बसलंय.

आता हक्क आहे हे खरं. पण तुम्ही जी परवानगी म्हणताय ती परवानगी नाहीच. घाटात समोरून ट्रक येताना आपण हात दाखवून विचारतो तसलं ते विचारणं आहे.

---

खाडीपल्याड | ३० जून, दुपारी ३.३०

मी मालवणकडची, आता मिल्टन कीन्सला. आमच्याकडे गळ टाकण्याला गरवणं म्हणतात आणि या दोऱ्याला तंगूस. माझे आजोबा खाडीत होडी घालायचे. डोल जाळी खुंट्यांना बांधून ओहोटीच्या तोंडाला लावलेली असायची, आणि पाण्याबाहेर दिसायचे फक्त तरंगणारे बोये. आजोबांचं सांगणं एकच: "आदी हाक मारूची, मगे होडी घालूची." समोरचा माणूस दिसत नसला तरी हाक मारायची. तो माडाखाली बसलेला असेल, तिथून हात करेल.

तिथे जाळं फाटलं तर त्या घरचं त्या दिवसाचं पोट बुडतं. आता सुट्टीला गेले की पर्यटकांच्या कयाक त्याच खाडीत दिसतात. जिथले कयाकवाले गावातलेच आहेत तिथे अडचण येत नाही, त्यांना जाळी कुठे आहेत ते पाठ असतं. बाहेरचे येऊन भाड्याने नावा देतात तिथे भांडणं होतात.

थेम्सवरचा माणूस पोटासाठी बसलेला नाही हे खरं. निवांत_गळ यांनी जे लिहिलं ते वाचून मला आजोबांची पहाट आठवली, म्हणून लिहिलं.

---

स्पष्टवक्ता | ३० जून, सायंकाळी ६.१०

वल्हंकरी, १८८५ च्या कायद्याचं माहीत नव्हतं. धन्यवाद. पण एक प्रश्न राहतोच. गळवाले म्हणतात आम्ही पैसे भरतो, कनूवाले फुकट येतात. हे ऐकून ऐकून कान किटले.

---

निवांत_गळ | ३० जून, सायंकाळी ७.००

पैसे आम्ही भरतो ते खरं आहे. तेरा वर्षांवरच्या प्रत्येकाला रॉड लायसन्स, शिवाय क्लबची वर्षाची वर्गणी. सोळापर्यंतच्या मुलांना लायसन्स फुकट मिळतं, पण काढावं लागतं. त्या पैशांतून मासे सोडणं, काठ राखणं, बेकायदा जाळी पकडणं अशी कामं होतात. थेम्सवर कनूवाला परवाना काढतो तेव्हा तोही भरतोच. आमच्या क्लबातल्या निम्म्या लोकांना हे ठाऊकच नाही. मीच सांगत असतो.

आणखी एक, तारखा. इथे नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गळ बंद. माशांच्या विणीचा काळ तो. १६ जूनला पहाटे आमची दिवाळी असते, लोक आदल्या रात्रीच जागा धरून बसतात. ताई, तुमच्या पहिल्या दोन फेऱ्या शांत झाल्या त्या बहुतेक १६ जूनच्या आधीच्या असाव्यात?

त्या बंद काळात नदी तुम्हाला मोकळी मिळते, जरूर जा. फक्त खळखळत्या उथळ गोट्यांवर कनू घासत नेऊ नका आणि तिथे उतरून चालू नका. मे-जूनमध्ये बार्बेल आणि चब त्याच गोट्यांत अंडी घालतात. पायाखाली हजारो जातात आणि दिसत एकही नाही.

---

गोदाकाठची | ३० जून, रात्री ९.१५

अगदी बरोबर, दोन्ही फेऱ्या मेमधल्या! आम्हाला वाटलं थेम्सवर गळवाले फारसे नसतातच. तुमच्या दोन्ही पोस्टी नवऱ्याला आणि लेकाला मोठ्याने वाचून दाखवल्या. लेकाने दोनदा विचारलं की बार्बेल खरंच महसीरचा भाऊ आहे का.

---

हायलँडवासी | १ जुलै, सकाळी ८.२०

स्कॉटलंडची गोष्ट वेगळी आहे, ती सांगतो. इथे २००३ च्या लँड रिफॉर्म ॲक्टने जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही नदी-तळ्यांवर विनामोटार जाण्याचा हक्क दिला. त्याआधीचा मोठा खटला स्पे नदीचा. काठच्या एका इस्टेटीच्या मालकांनी केर्नगॉर्म भागातल्या एका कनू शाळेला अडवलं. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि १९७६ साली निकाल शाळेच्या बाजूने लागला. कारण मोठं सुंदर आहे. शेकडो वर्षं डोंगरातल्या पाइनचे ओंडके स्पेतून खाली समुद्राकडे तरंगत नेले जात होते, तेव्हा ही नदी वाहतुकीची आहे असं न्यायमूर्तींनी मानलं. आज आपण ज्या पाण्यात हौसेने वल्हवतो तो हक्क त्या ओंडके सोडणाऱ्यांनी मिळवून ठेवलाय.

हक्क आहे म्हणून इथे कोणी धसमुसळेपणा करत नाही. स्पेवर सामन मासा गरवणारा कंबरभर पाण्यात नदीच्या मधोमध उभा असतो, दोन हातांनी लांब काठी फिरवत. पाठीमागे त्याला दिसत नाही. आपण वरच्या अंगाला थांबायचं, त्याचा फेक पूर्ण होऊ द्यायचा, त्याने वळून बघितलं की तो दाखवेल त्या बाजूने, कधी त्याच्या पाठीमागूनसुद्धा, जायचं. रविवारी स्कॉटलंडात सामन धरायला कायद्याने बंदी आहे, म्हणून आमचा ग्रुप मुद्दाम रविवारी उतरतो. नदी पूर्ण रिकामी असते.

---

वायकाठी | १ जुलै, सकाळी ११.४५

मी हेरफर्डजवळ राहते. हे-ऑन-वायच्या पुलापासून खाली वाय नदीवर सगळ्यांना हक्क आहे, त्यामुळे उन्हाळ्यात भाड्याच्या कनूंची रांग लागते. सामन गरवणाऱ्यांचा त्यावर राग होता, अजून थोडा आहे. पण गेल्या काही वर्षांत एक बदल झालाय, तो लिहावासा वाटतो.

२०२० च्या उन्हाळ्यात आमची नदी हिरवी झाली. वाटाण्याच्या सुपासारखी. आजूबाजूच्या शेतांवर कोंबड्यांची विष्ठा खत म्हणून पडते, त्यात सांडपाण्याची भर. फॉस्फेट नदीत उतरतं, ऊन लागलं की शेवाळ माजतं. शेवाळाने तळाला उजेड मिळत नाही आणि जूनमध्ये नदीभर पांढरी फुलं आणणारी पाणवनस्पती मरून जाते. तिच्याच आडोशाला सामनची पिल्लं वाढतात. २०२३ मध्ये नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेने वायचा दर्जा 'प्रतिकूल आणि घसरता' असा खाली आणला. वायवर धरलेला प्रत्येक सामन परत सोडावा लागतो.

आता शनिवारी पुलाखाली पाण्याचे नमुने घ्यायला जे जमतात त्यांत गळवाले असतात, पोहणारे असतात आणि आम्ही कनूवालेही. मी नावेतून मधल्या धारेचं पाणी बाटलीत घेते, एक सत्तरीचे गळवाले काका रंग बघून फॉस्फेटचा आकडा वहीत लिहितात. पहिल्या वर्षी ते माझ्याशी बोलत नसत. आता मला कनू कुठे लावली तर काठ ढासळणार नाही ते दाखवतात. त्यांच्याइतकी ही नदी कोणालाच वाचता येत नाही.

ताई, तुम्हालाही सांगते: मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस थांबा. गटारं ओसंडून नदीत येतात. लेप्टो (घाण पाण्यातून होणारा ताप) काय असतो ते २००५ च्या पुरानंतरची मुंबई बघितलेल्यांना सांगायला नको. हातावर ओरखडा असेल तर पट्टी लावून जा, घरी आल्यावर साबणाने हात धुवा.

---

वल्हंकरी | १ जुलै, दुपारी २.१०

वायकाठीला दुजोरा, आणि आणखी एक. पाण्यातून बाहेर आल्यावर कनू तपासा, धुवा, वाळवा. केनेट-थेम्सच्या भागात फ्लोटिंग पेनीवर्ट नावाची वेल पसरली आहे. आपल्याकडच्या जलपर्णीची इकडची बहीण. मुळा-मुठेवर जलपर्णीने काय झालं ते मी सीओईपीत असताना बघितलंय, सकाळी बोट घालायला गेलं की पाण्याच्या जागी हिरवी सतरंजी. पेनीवर्टचा एवढासा तुकडा दुसऱ्या नदीत पडला तरी तिथे रुजतो. हवेच्या कनूच्या घडीत असे तुकडे अडकतात, आणि गळवाल्यांच्या ओल्या जाळ्यांतही.

---

गोदाकाठची | २१ जुलै, रात्री १०.०५

तीन आठवडे लिहिलं नाही कारण जाऊन बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

परवाना काढला. बॉयन्सी एड लेकाला मोठं होत होतं, ते बदललं. दुकानात 'वाढीचं घ्या' म्हणून दिलेलं, पण खांद्याला धरून वर उचललं की हनुवटीपर्यंत यायचं. घेताना असं उचलून बघा सगळ्यांनी.

मग एका संध्याकाळी कनू न घेता आम्ही मायलेक त्या विलोपर्यंत चालत गेलो. तेच गृहस्थ असतील अशी आशा होती, ते नव्हते. दुसरे एक आजोबा होते. मी सगळं सांगितलं आणि विचारलं की काठावरून तुम्हाला आम्ही कसे दिसतो? त्यांनी लेकाला शेजारी गवतावर बसवलं आणि डोळ्यांवरचा गॉगल काढून दिला. पोलराइज्ड काचेचा. त्यातून बघितल्यावर पाण्यावरची चमक गेली आणि लेक ओरडलाच, "आई, खाली मासे आहेत!" मग मी बघितलं. शेवाळी तळावर चार-पाच काळसर आकृत्या, तोंड प्रवाहाकडे, जागच्या जागी फक्त शेपटी हलवत. तेवढ्यात एक पॅडलबोर्डवाला मधून गेला. त्याची सावली पोचण्याआधीच जागा रिकामी झाली. लेक बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत बसला होता.

रविवारी कनू काढली. पुढे लेक बसला, कारण नजर त्याची चांगली. नवरा मागे, मी मध्ये. वल्हं ओढून झालं की शेवटी पातं बाहेरच्या अंगाला वळवायचं, म्हणजे नाव सरळ राहते, हे नवऱ्याने व्हिडिओ बघून घोटलंय. पहिल्या अर्ध्या तासात तीन छत्र्या लागल्या. लेक लांबूनच हात वर करून हाक द्यायचा, कुठल्या बाजूने येऊ? पहिल्याने बाहेरून जा म्हणून दाखवलं. दुसरी बाई होती, तिने पोल मागे ओढून घेतला, तो पायवाटेवर इतका लांब गेला की सायकलवाला थांबला. तिसऱ्याने काही न बोलता काठीचं टोक पाण्यात बुडवलं.

लेक मागे वळून हळूच म्हणाला, "आई, खूण!" आम्ही तिघांनी वल्ही उचलून मांडीवर घेतली. पात्यांवरून पाणी ठिबकत होतं तेवढाच आवाज. त्यांच्या समोरून तरंगत गेलो तेव्हा त्यांनी टोपीला हात लावला.

सॉनिंगच्या अलीकडे एकजण मात्र हाक ऐकूनही मान फिरवून बसले. आम्ही पार पलीकडच्या काठाने गेलो. नवरा म्हणाला, असूदे.

---

स्पष्टवक्ता | २२ जुलै, सकाळी ९.००

वाचून बरं वाटलं. मी अजूनही म्हणतो की उरलेल्या ९६ टक्क्यांसाठी भांडायला हवं, आणि मी भांडणार. पण या रविवारी थेम्सवर हात वर करून बघितला. तीनपैकी तिघांनी वाट दिली.

---

निवांत_गळ | २२ जुलै, सायंकाळी ६.४०

ताई, लेकाला तेरा पूर्ण होईपर्यंत रॉड लायसन्स लागत नाही. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मी केनेटवर आहे, क्लबच्या पाण्यावर लहान पाहुण्यांना परवानगी आहे. काठी मी देतो. गॉगलही आहे एक जास्तीचा. सकाळी सहाला यावं लागेल.

---

गोदाकाठची | २२ जुलै, रात्री ८.३०

काका, लेक आत्तापासून गजर लावून बसलाय. येतो आम्ही. डबा आमच्याकडून, थालीपीठ आणि लोणी.